सुतासारखा सरळ

"महिन्याभरात सुतासारखा सरळ करून देऊ." हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. कुणा पाहुण्याच्या तोंडून, नाहीतर स्टँडजवळच्या भिंतीवर रंगवलेलं, खाली मोबाईल नंबर. घरात पिणारं माणूस असलं की हे वाक्य ऐकून केवढा धीर येतो! मला मात्र आता ते ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. सूत सरळ असतं ते दोन्ही टोकांनी ओढून धरलेलं असतं म्हणून. एक टोक सोडा, परत गुंडाळी.

बरेच दिवस यावर लिहायचं होतं. लिहायला बसलं की संताप यायचा आणि संतापात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचवत नाही म्हणून खोडायचे. आज संतापासकट लिहितेय.

आधीच सांगते, सगळ्या केंद्रांना एका माळेत ओवत नाहीये. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. पुलंनी त्याला पाठबळ दिलं होतं. तिथे बरे झालेले कितीतरी पेशंट पुढे तिथेच कार्यकर्ते झाले, हे अवचटांच्या लिखाणात आपण वाचलेलं आहे. व्यसनी माणसाशी माणसासारखं बोलता येतं हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असं कुणी म्हणू नये. म्हणूनच तर जास्त राग येतो. एवढं उदाहरण डोळ्यासमोर असताना तालुक्या-तालुक्यात जी "केंद्रं" निघालीत, त्यातल्या काहींमध्ये चाललंय काय? दाखल झाल्या दिवशी टक्कल. बोलला तर पट्टा. पळाला तर पकडून आणून सगळ्यांसमोर उठाबशा. आणि याला नाव काय, तर "शिस्त".

आमचे एक भाऊजी आहेत, माझ्या मावसबहिणीचे यजमान. (त्यांना विचारून लिहितेय. नाव-गाव लिहिणार नाही.) मूळचे लातूर-धाराशिवच्या सीमेवरच्या एका खेड्यातले. ३० सप्टेंबर १९९३ ला ते अकरा वर्षांचे होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत गणपतीपुढे नाचून पोरं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. तिकडची घरं म्हणजे दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद. थंडावा छान, पण कोसळलं की आत कबरच. भाऊजी दुपारपर्यंत त्या मातीखाली होते. शेजारी धाकटी बहीण होती. काही वेळ तिचा आवाज येत होता.

एवढंच. ही हकीकत त्यांनी बायकोला लग्नानंतर चौदा वर्षांनी सांगितली. तोपर्यंत घरात माहीत होतं ते इतकंच की ह्यांना लाईट बंद करून झोप येत नाही आणि क्वार्टर घेतली की येते. ट्रकवर क्लीनर म्हणून लागले तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा पाजली आणि त्या रात्री, आयुष्यात कितीतरी वर्षांनी, सलग झोप लागली. मला विचाराल तर त्या पोराला औषध सापडलं होतं. पुढे त्या औषधानं काय काय केलं ते त्यांच्या बायकोला विचारा. तिच्या कपाळावर एक खूण आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात मामा लोकांनी ठरवलं आणि त्यांना एका केंद्रात टाकलं. "टाकलं" हाच शब्द वापरतात बघा, विहिरीत टाकावं तसा. मीही सोडायला गेले होते. संचालक मोठे गोड बोलणारे. मला म्हणाले, "मॅडम, काळजी सोडा. इथं आलं की भल्याभल्यांना देव आठवतो." डॉक्टर कोण येतात विचारलं तर म्हणाले, "लागला तर बोलावतो की."

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत काहींना फिट्स येतात, थरथर सुटते, भास होतात. डॉक्टरी भाषेत त्या टोकाच्या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. ही काही दुर्मिळ ज्ञानातली गोष्ट नाही. लिब्रियमसारख्या गोळ्या ठरलेल्या प्रमाणात देऊन हळूहळू कमी करायच्या आणि बी-वन जीवनसत्त्व भरून काढायचं, हे कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला येतं. भाऊजींना तिसऱ्या रात्री भिंती अंगावर येताना दिसायला लागल्या. ओरडायला लागले, "काढा मला, ती आत हाय!" केंद्रातल्या लोकांनी ठरवलं की हे नाटक आहे. आणि नाटक करणाऱ्यासाठी त्यांच्याकडे एक खोली होती. बिनखिडकीची. तिथे कोंडून बाहेरून कडी घातली आणि दिवा बंद केला.

मी पुढचं वर्णन करत नाही. पहाटे घाबरून त्यांनीच फोन केला, "तुमचा माणूस घेऊन जा." सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला एक कोवळी डॉक्टर होती. तिने सलाईन लावलं, औषध सुरू केलं आणि नर्सला सांगितलं, "यांच्या वरचा दिवा चालू ठेवा, आणि सिस्टर, यांच्याजवळ कुणीतरी बसा." तिला भूकंपाचं काही ठाऊक नव्हतं. समोरचा माणूस भ्यालाय, एवढं तिला दिसलं.

सांगायचा मुद्दा हा, की त्या केंद्राने भाऊजींवर उपचार केलेच नाहीत. ज्या जागेतून पळायला माणूस पीत होता, त्याच जागेत त्याला परत नेऊन ठेवलं. आणि कायद्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू-ड्रग्जच्या व्यसनाशी निगडित अवस्था मानसिक आजारातच धरल्या आहेत. त्याच कायद्यात पेशंटला साखळदंडाने बांधायला बंदी आहे, एकांतकोठडीत ठेवायलाही बंदी आहे. म्हणजे ती खोली असणंच बेकायदा. त्या संचालकांना मी हे फोनवर ऐकवलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही शहरातले लोक लई कायदा बोलता."

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त छळते. त्या केंद्रात रोज सकाळी सहाला प्रार्थना असायची. गणपतीच्या फोटोसमोर कान धरून उभं राहायचं आणि म्हणायचं, मी पापी आहे, मी परत दारूला शिवणार नाही. वरवर बघता यात वावगं काय? आपल्याकडे शपथ घालणं हा दारू सोडवण्याचा जुनाच उपाय. पण भूकंपानंतर गावात कुणीतरी, मोठ्या माणसानेच, म्हटलं होतं की विसर्जनात काहीतरी चुकलं म्हणून कोप झाला. अकरा वर्षांच्या पोराने ते ऐकलं आणि धरून ठेवलं. तो त्या रात्री मिरवणुकीत नाचत होता ना! त्याने मनाशी हिशोब मांडला, की बहीण आपल्यामुळे गेली. तीस वर्षं तो हिशोब कुणी तपासला नव्हता. आणि आता रोज सकाळी त्याच गणपतीपुढे कान धरून "मी पापी" म्हणायचं. यापेक्षा पट्ट्याचे फटके बरे.

बरं, त्यांना कुणी एवढं विचारलं असतं, की "तुमचं आणि देवाचं कसं काय आहे?", तर ते कळलं असतं. नंतर जिथे ते खरोखर सुधारले, तिथल्या समुपदेशक बाईंनी विचारलं. पहिल्या भेटीत नाही, सहाव्या-सातव्या. त्याआधी नुसत्या झोपेबद्दल बोलत राहिल्या. कधी दचकून उठता, उठल्यावर काय करता, दार उघडं असलं तर बरं वाटतं का. "तुला झालंय तरी काय?" हे वाक्य मराठीत दोन सुरांत म्हणता येतं. एका सुरात ते खेकसणं आहे, आपण सगळे व्यसनी माणसाशी त्याच सुरात बोलतो. दुसऱ्या सुरात तो खरा प्रश्न आहे आणि उत्तर ऐकायला बसावं लागतं. सगळी बोंब त्या सुराची आहे.

याला शास्त्राचा आधार काय, असं विचारणारे आमच्या घरातही आहेत. आहे ना आधार. १९९८ साली अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा वगैरेंनी साडेनऊ हजार माणसांना लहानपणाबद्दल विचारून अभ्यास केला. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरात कुणी दारुडं असणं, अशा सात प्रकारच्या अनुभवांपैकी चार किंवा जास्त ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, ड्रग्ज, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, ज्यांच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं त्यांच्या मानाने चार ते बारा पट निघाला. त्यानंतर यावर ढीगभर काम झालंय.

पण म्हणून प्रत्येक दारुड्याच्या मागे भूकंप असतो असं नाही हं. काही माणसं मजेत प्यायला लागतात आणि शरीर अडकतं. आणि भूकंपातून वाचलेली हजारो माणसं दारूला न शिवता जगली. मी म्हणतेय ते इतकंच, की तुम्हाला आधीपासून माहीत नसतं की समोरचा कुठला आहे. म्हणून सगळ्यांशीच असं वागा, की त्यातला जखमी असेल तर जखम पुन्हा उघडणार नाही. मजेत प्यायला लागलेल्या माणसाला दिवा चालू ठेवल्याने काय तोटा होणार आहे?

"म्हणजे लाडच करायचे? बायको मारायची, पोरं उपाशी ठेवायची, आणि वर ह्यांचं लहानपण कुरवाळायचं?" हे मला माझ्या सख्ख्या आईने विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझ्या मावसबहिणीच्या कपाळावरची खूण भूकंपाने झालेली नाही. पण वर सांगितलेल्या यादीत पुन्हा बघा. घरात दारुडं माणूस असणं आणि आईला मार खाताना बघणं, दोन्ही त्यात आहेत. म्हणजे भाऊजींच्या मुलाच्या खात्यात दोन नोंदी आधीच पडल्यात. ज्याला बायकापोरांची खरी काळजी आहे त्याने तर हे जास्तच मनावर घ्यायला हवं. फटके देऊन घरी पाठवलेला माणूस ते फटके कुणावर काढतो? आणि जाब विचारायचाच. भाऊजींना त्या बाईंनी बायकोसमोर बसवून एकेक प्रसंग वदवून घेतला. ते म्हणतात, केंद्रातल्या पट्ट्यापेक्षा ते जड गेलं. लाड असे असतात होय?

आता माझ्या डॉक्टर मित्राकडे वळते, कारण तो दुसऱ्या टोकाचा. त्याचं म्हणणं, हे देवाधर्माचं लोढणं उपचारात हवंच कशाला? मेंदूचा आजार, औषध द्या, विषय संपला. अंधश्रद्धेवर तो बोलायला लागला की मला पटतं. बुवाबाजीने किती घरं बुडाली ते मीही पाहिलंय. जेवणातून गुपचूप द्यायच्या पुड्या विकणारे महाराज तर आजही आहेत. (त्या पुडीत काही वेळा डायसल्फिरामसारखं औषध असतं, आणि ते पोटात असताना माणूस प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, ब्लडप्रेशर खाली. डॉक्टरच्या देखरेखीखाली, त्या माणसाला सांगून दिलं तर ते औषध. गुपचूप दिलं तर विषप्रयोगच.)

पण मित्रा, तुझ्या गावाकडे बघ. आपल्याकडे शेकडो वर्षं माणसं माळ घालून दारू सोडत आलीत. गळ्यात तुळशीची माळ पडली की मांस-मद्य बंद, आणि ते एकट्याने नाही. दिंडी असते, एकादशी असते, संध्याकाळी गुत्त्याच्या वेळेला भजन असतं. पिणाऱ्याचा सगळ्यात अवघड वेळ म्हणजे दिवेलागणीनंतरचे दोन तास. त्या दोन तासांत त्याच्या हातात टाळ देणारं दुसरं काय आहे तुझ्याकडे? गोळी तर सकाळीच घेऊन झालेली असते.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा इतिहासही बघ. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रनमध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले तिथून ते सुरू झालं. विल्सनचे आई-वडील तो दहा-अकरा वर्षांचा असताना वेगळे झाले, दोघंही त्याला सोडून गेले आणि आजीआजोबांनी वाढवलं. त्या चळवळीच्या मुळाशी कार्ल युंगचंही नाव येतं. आपल्या एका दारुड्या पेशंटला त्याने सांगितलं होतं की वैद्यकाने तुझं काही होईलसं वाटत नाही, झाला तर एखादा आध्यात्मिक अनुभवच कामी येईल. पुढे १९६१ साली विल्सन आणि युंगची यावर पत्रापत्री झाली. युंग काही भोंदूबाबा नव्हता.

मला मात्र त्या बारा पायऱ्यांतली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. देव म्हणताना त्यांनी पुस्ती जोडली, की आम्हाला जसा समजला तसा देव. १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात हे छापलंय. ही पुस्ती नसती तर ती चळवळ अमेरिकेतल्या एखाद्या चर्चच्या तळघरात मेली असती. आणि आपली केंद्रं नेमकी हीच पुस्ती गिळून बसतात.

विदर्भ-मराठवाड्यात केंद्रात येणाऱ्यांत बौद्ध समाजातली माणसं किती असतात! त्यांना सकाळी आरतीला उभं करायचं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत हिंदू देवतांना देव मानणार नाही असं आहे आणि दारू पिणार नाही असंही आहे. म्हणजे त्या माणसाच्या घरातच, त्याच्या आजोबांनी घेतलेली, दारूविरुद्धची प्रतिज्ञा तयार आहे. पंचशीलातलं पाचवं शील तेच. ते सोडून तुम्ही त्याला ज्याच्यातून तो बाहेर पडला तिथे परत हात जोडायला लावता. मुसलमान पेशंटची तर गोष्टच नको. आणि ज्याला कुठलाच देव नको, त्याला सकाळी सहाला झोपू द्या की.

"शरण जा" या उपदेशाबद्दलही एक सांगायचंय. ज्या पुरुषाचा आयुष्यभर "मी म्हणेन ते" असा खाक्या होता, त्याला "माझं माझ्या हातात नाही" हे कबूल करणं औषधासारखं लागू पडत असेल. पण जिला लहानपणी घरातल्याच कुणी ओरबाडलंय, नंतर नवऱ्याने मारलंय आणि म्हणून जी रात्री चोरून प्यायला लागली, तिला अजून किती शरण जायला सांगणार? तिने दुसरं केलंय काय जन्मभर? जीन कर्कपॅट्रिक नावाच्या बाईंना हेच खुपलं. त्यांनी १९७५ साली अमेरिकेत स्त्रियांसाठी वेगळी संघटना काढली. तिचा सगळा भर बाईने स्वतःची ताकद ओळखण्यावर. आपल्याकडे पिणारी बाई असते हेच अजून कबूल व्हायचंय, तिच्यासाठी वेगळा विचार तर लांबच. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

घरच्यांना मी दोष देत नाही. २०१९ साली केंद्र सरकारने एम्सकडून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० मागे एकाला. उरलेल्यांच्या बायकांनी, आयांनी जायचं कुठे? भिंतीवरचा नंबरच ना? मामा लोकांनी भाऊजींना टाकलं ते दुष्टपणाने नाही, तीन रात्री कुणी झोपलं नव्हतं म्हणून. या टंचाईवर जे दुकान चाललंय, माझा राग त्या दुकानावर आहे. आणि त्याला परवाना आहे का, रात्री डॉक्टर आहे का, कोंडायची खोली आहे का, हे जाऊन बघायची ज्यांची नोकरी आहे त्यांच्यावर.

भाऊजींचं म्हणाल तर अडीच वर्षं झाली. मधे एकदा, मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी, घसरले. चार दिवस प्यायले आणि पाचव्या दिवशी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेले. आता गावातल्या भजनी मंडळात जातात, पखवाज शिकतायत, वाईट वाजवतात. गणपतीच्या मांडवात अजून पाऊल टाकत नाहीत. त्या समुपदेशक बाईंनी कधी आग्रह केला नाही. पांडुरंग चालतो, गणपती चालत नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं मला ठाऊक नाही. बसायची गरजही नाही. दिवा लावून झोपतात.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी मला त्याच केंद्राचा नंबर मागितला, त्यांच्या दिरासाठी. मी म्हटलं, नंबर देते, पण माझ्यासमोर लावा आणि तीन गोष्टी विचारा. रात्री डॉक्टर असतो का? सगळ्या खोल्या आम्हाला उघडून दाखवाल का? आणि दीर त्यांना वाटेल तेव्हा घरी फोन करू शकतील का? वहिनींनी स्पीकर लावला. पहिल्या प्रश्नाला तेच उत्तर आलं, लागला तर बोलावतो. दुसरा प्रश्न पुरता झालाही नव्हता, तोच पलीकडून फोन ठेवला गेला.